चांद्याच्या झाडीतील अनुबोधपट

पश्चिमेस वर्धा नदीपासून आग्नेयेस इंद्रावतीपर्यंत पसरलेला, पूर्वी चांदा जिल्हा या एकाच नावाने सरकारी दफ्तरात नोंदला जाणारा आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर व गडचिरोली अशा दोन जिल्ह्यांत विभागला गेलेला आमचा हा अरण्यप्रदेश जेव्हा जेव्हा चित्रपटाच्या पडद्यावर येतो, तेव्हा तो बहुधा तीन निमित्तांनीच येतो : ताडोबाचा वाघ, दक्षिणेकडील डोंगराळ तहसिलींतील बंदूक, किंवा एखाद्या त्यागी दांपत्याने उभा केलेला सेवाश्रम. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्ही चित्रणास योग्य आहेत, याविषयी वाद नाही. परंतु ज्याचे वर्ष धानाच्या बांधीत, मोहाच्या झाडाखाली, तेंदूपानाच्या फळीवर आणि उरलेले तलाठ्याच्या व तहसीलदाराच्या कचेरीत जाते, तो इथला सामान्य मनुष्य या चित्रांत मागे कोठेतरी उभा असतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत काही छोट्या, अल्पधन निर्मितीसंस्थांनी अनुबोधपटाचे क्षेत्र हाती घेतले, आणि त्यांतील मोजक्यांनी या मागे उभ्या असलेल्या मनुष्याला पुढे आणले. त्या कामाचा, त्याच्या आसपासच्या विदर्भातील व महाराष्ट्रातील कामाचा आणि अजून न झालेल्या कामाचा हा आढावा आहे.

छोटी संस्था म्हणजे काय, हे समजण्यासाठी मोठी संस्था काय होती ते आठवले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने १९४० साली फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले, ज्याचे काम काही काळ व्ही. शांतारामांनीही पाहिले, १९४३ मध्ये त्याच्या जागी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आली आणि तिच्याबरोबर इंडियन न्यूज परेड हे वृत्तचित्र. हेतू उघड होता : युद्धप्रयत्नाचा प्रचार. नेमक्या याच काळात, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात जे घडले त्यामुळे आमच्या या लहानशा गावाचे नाव देशभर गेले. मिरवणुकीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला, क्षुब्ध जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर आलेल्या लष्कराने गावावर, विशेषतः गावातील स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवसांचे उपोषण केले. त्या उपोषणाच्या वार्तांवर सरकारने निर्बंध घातले आणि निषेधार्थ देशातील वृत्तपत्रांनी एक दिवस प्रकाशन बंद ठेवले. कॅमेरे होते, यंत्रणा होती, पडदेही होते. चिमूरसाठी ते नव्हते. म्हणून चिमूरचा १९४२ सालचा पुरावा आज मुख्यतः खटल्याच्या कागदांत, जबान्यांत, शिक्षेच्या हुकुमांत आणि घराघरांतून सांगितल्या गेलेल्या आठवणींत आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली, आणि पुढील कित्येक दशके चित्रपटगृहात मुख्य चित्रपटापूर्वी तिचे पट दाखविणे मालकावर बंधनकारक राहिले. त्या संस्थेने आठ हजारांहून अधिक पट निर्माण केले, उत्तम दिग्दर्शकांना संधी दिली, आणि १९९० पासून मुंबईत अनुबोधपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सवही भरविला. या उपकाराची नोंद घेतलीच पाहिजे. पण तिचा दृष्टिकोन शासनाचा होता, आणि शासनाला अरण्यप्रदेश दिसतो तो योजनेच्या फलश्रुतीच्या रूपात. २०२२ साली ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. सरकारी निर्मितीचा ओघ क्षीण होत गेला त्या काळात छायालेखनाचे यंत्र स्वस्त झाले, संकलन घरच्या संगणकावर होऊ लागले, आणि दोन-तीन माणसांनी मिळून एक संस्था उभारावी, एका विषयावर तीन-चार वर्षे खर्ची घालावी, असा प्रकार शक्य झाला. अशा संस्थेजवळ पैसा थोडा असतो, ओळख थोडी असते. तिचे खरे भांडवल एकच, आणि ते म्हणजे थांबण्याची तयारी.

या थांबण्याचे सर्वांत मोलाचे फळ, निदान आमच्या मुलखापुरते, म्हणजे ‘अ रायफल अँड अ बॅग’ हा चित्रपट होय. आर्या रोठे, इझाबेला रिनाल्दी आणि क्रिस्टिना हानेश या भारतीय, इटालियन आणि रुमानियन तरुणींनी नोकट फिल्म कलेक्टिव्ह या नावाने स्थापन केलेल्या छोट्या संस्थेची ही निर्मिती. युरोपातील अनुबोधपटाच्या एका संयुक्त अभ्यासक्रमात तिघी एकत्र शिकल्या. हानेश यांच्या एका लघुपटाला २०१७ साली लोकार्नो महोत्सवात सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय लघुपटाचा सन्मान मिळाला होता. २०२० च्या जानेवारीत रॉटरडॅम महोत्सवात प्रथम दाखविल्या गेलेल्या या चित्रपटाचा विषय आहे गडचिरोली जिल्ह्यात आत्मसमर्पण करून वसाहतीत राहणारे एक माजी नक्षलवादी जोडपे. पत्नी दुसऱ्यांदा गर्भवती आहे, मोठ्या मुलाच्या शिक्षणाची काळजी आहे, आणि ज्या जंगलात दोघांची भेट झाली, प्रेम जडले, त्या जंगलाकडे परत जाण्याचा मार्ग कायमचा बंद झालेला आहे.

महाराष्ट्र शासनाची आत्मसमर्पण योजना २००५ साली सुरू झाली, आणि तिच्याविषयी आजवर आपण जे पाहिले ते बहुतेक पोलिसांच्या पत्रकार परिषदेतील छायाचित्र : रांगेत उभे असलेले तरुण-तरुणी, समोर टेबलावर शस्त्रे. या छायाचित्राच्या दुसऱ्या दिवसापासून पुढची दहा वर्षे त्या माणसांचे काय होते, हा प्रश्न या तिघींनी विचारला, आणि त्याचे उत्तर त्यांना एका अत्यंत रूक्ष, परंतु या मुलखातल्या प्रत्येकाला परिचित असलेल्या ठिकाणी सापडले. ते ठिकाण म्हणजे जातीचा दाखला. मुलाच्या शाळेसाठी दाखला हवा. दाखल्यासाठी बापाच्या घराण्याचे कागद हवेत. बाप परप्रांतातला, आणि त्याच्या मूळ गावी गेल्यास जुने सहकारी त्याला जिवंत सोडणार नाहीत. ज्या राज्याविरुद्ध त्याने शस्त्र धरले त्याच राज्याने त्याला अभय दिले. आणि आता त्याच राज्याचा एक साधा कारकुनी नियम त्याच्या मुलाच्या वाटेत उभा आहे. जात प्रमाणपत्राचा व पडताळणीचा आपल्याकडील कायदा २००० सालचा. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या जात होत्या म्हणून तो करावा लागला, आणि तसा तो आवश्यकही होता. पण वडिलांच्या बाजूने वंशावळ सिद्ध करण्याची त्याची रीत ज्यांच्या घराण्यात कागदच कधी आला नाही, त्यांच्यावर किती जड पडते, हे भामरागड-एटापल्लीपासून चिमूरपर्यंतच्या कोणत्याही सेतू केंद्राबाहेर उभे राहिल्यास कळते. चित्रपटाने ही गोष्ट एकाही निवेदनाच्या वाक्याशिवाय सांगितली आहे.

कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर आहे. माणसे चौकटीत येतात, बसतात, बोलतात, गप्प राहतात. कॅमेऱ्यापुढची स्त्री आपल्या भूतकाळाची क्षमा मागत नाही आणि त्याचा गौरवही करीत नाही. दिग्दर्शिकांनी तिच्यावर यांपैकी कोणतीही भूमिका लादलेली नाही. नक्षलवादाविषयी लिहिणारे व चित्रे काढणारे बहुतेक लोक प्रथम आपण कोणत्या पक्षाचे ते ठरवितात आणि मग माणसे शोधतात. इथे क्रम उलटा आहे, आणि म्हणूनच हिंसेने उद्ध्वस्त झालेल्या दोन्ही बाजूंच्या कुटुंबांना हा चित्रपट पाहता येईल असे मला वाटते. एक न्यून मात्र नमूद केले पाहिजे. ज्या गावांनी या चळवळीच्या बंदुकीपायी आपली माणसे गमावली, पोलीस पाटील, शिक्षक, खबरी ठरवून मारलेले शेतकरी, त्यांचा आवाज इथे नाही. एका कुटुंबाची कथा सांगणाऱ्या चित्रपटाने सर्वांची कथा सांगावी अशी अपेक्षा अन्यायाची ठरेल. पण ती दुसरी कथा तितक्याच शांतपणे, तितक्याच काळ थांबून कोणीतरी सांगावयास हवी, आणि ती सांगणारा या मुलखातलाच असेल तर अधिक बरे.

वाघाकडे वळू. ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे, आणि दोन्ही मिळून झालेला व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. महाराष्ट्रात २००६ च्या अंदाजानुसार १०३ वाघ होते. २०२२ च्या अंदाजात ते ४४४ झाले, आणि त्यांचा मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा. या वृद्धीबरोबर कॅमेऱ्यांची संख्याही वाढली. दूरचित्रवाणीच्या मोठ्या वाहिन्यांचा वाघ नेहमी एकच असतो : राजा, राणी, राज्य, वारसा आणि युद्ध. त्या मानाने पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर या तरुण छायाचित्रकार दिग्दर्शिकेने, जी आज बँबी स्टुडिओज ही आपली छोटी संस्था चालविते, केलेला ‘द क्वीन ऑफ तारू’ हा चित्रपट लक्ष वेधून घेतो. ताडोबातील ‘माया’ या वाघिणीचा मागोवा घेणारा हा पट २०१९ साली न्यूयॉर्कच्या वन्यजीव चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. त्याच्याआधी याच दिग्दर्शिकेने उरणजवळच्या पाणजे पाणथळीवर पट केला होता, आणि नष्ट होऊ घातलेल्या जागेविषयीची तीच तळमळ इथेही आहे. वाघीण पिल्ले कशी वाढविते, नरांपासून त्यांना कशी वाचविते, पाणवठ्यावरचा तिचा हक्क कसा टिकविते, हे पाहताना चित्रकर्त्रीचा संयम जाणवतो.

तरीही ज्या राणीचे राज्य आहे त्या राज्याच्या सीमेवर माणसे राहतात. ताडोबाचे कोलारा प्रवेशद्वार आमच्या चिमूर तालुक्यात आहे. याच कोलारा वनक्षेत्रात २० नोव्हेंबर २०२१ रोजी व्याघ्रगणनेच्या खुणा टिपण्यासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकावर मायानेच हल्ला केला आणि त्यात ती मृत्यू पावली. पुढे २०२३ च्या पावसाळ्यात माया दिसेनाशी झाली, आणि त्या वर्षअखेर सापडलेले अवशेष तिचेच असल्याचे जनुकीय तपासणीने ठरले. या दोन मरणांपैकी वाघिणीच्या मरणाची वार्ता जगभर गेली. वनरक्षक स्त्रीच्या मरणाची वार्ता काही दिवस वृत्तपत्रांत राहिली. मी हे वन्यजीवप्रेमींना दूषण देण्यासाठी लिहीत नाही. वाघ वाचला पाहिजे, आणि तो वाचविण्यात या तालुक्यातील गावांनी सोसलेले नुकसान हे त्याच्या वाचण्याचे मूल्य आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे. मोहफुले वेचण्यास पहाटे जाणारी स्त्री, सरपणासाठी गेलेला म्हातारा, रात्री धानाच्या राखणीस मचाणावर बसलेला पोरगा, पंचनाम्यासाठी आलेला वनपाल आणि नुकसानभरपाईच्या अर्जासोबत जोडावे लागणारे कागद : हे सगळे मिळून ताडोबाचा खरा चित्रपट होतो. एखाद्या छोट्या संस्थेने कोलारा-खडसंगीच्या एका गावात एक पूर्ण वर्ष, तेंदूच्या हंगामापासून पुढच्या तेंदूच्या हंगामापर्यंत, मुक्काम करावा, आणि वाघ एकदाच, तोही दुरून दाखवावा.

पश्चिम विदर्भाच्या कापूसपट्ट्याने अनुबोधपटकारांना आपल्याहून अधिक बोलाविले. शेतकरी आत्महत्यांवर दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ २००९ मध्ये आला; नंदन सक्सेना आणि कविता बहल या दिल्लीच्या दांपत्याच्या टॉप क्वार्क फिल्म्स या दोघांच्याच म्हणाव्या अशा संस्थेने ‘कॉटन फॉर माय श्राउड’ केला आणि २०११ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला शोधक अनुबोधपटाचा सन्मान मिळाला. मिखा पेलेड यांच्या ‘बिटर सीड्स’ने यवतमाळ जिल्ह्यातील तेलंग टाकळी या गावाकडे पाहिले. हे सर्व प्रामाणिक आहेत, आणि त्यांच्यामुळे बियाणे-कंपन्या, सावकार व बाजारभाव यांची साखळी शहरी प्रेक्षकापर्यंत पोचली. पण त्यांत प्रतिपादनाची घाई आहे. शेतकरी बोलण्यापूर्वीच निष्कर्ष तयार असल्यासारखा वाटतो. अलीकडे किंशुक सुरजन यांचा ‘मार्चिंग इन द डार्क’, जो २०२४ मध्ये कोपनहेगनच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला, मागे राहिलेल्या विधवांकडे वळतो. मृत्यूच्या कारणांची चर्चा संपल्यावर जगणे कसे चालते, हा त्याचा विषय. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या कोळ्यांवरचा सर्वनीक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’, ज्याला २०२३ साली सनडान्स महोत्सवात विशेष परीक्षक सन्मान मिळाला, हाही याच जातीचा. दोन मित्रांची मासेमारी आणि दोन मित्रांचे भांडण, बस्स एवढ्यात समुद्राचा सगळा ऱ्हास त्यात येतो.

सेवाश्रमांचे प्रकरण थोडक्यात. वरोऱ्याचे आनंदवन आणि हेमलकशाचा १९७३ साली सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प यांवर इतके लिहिले व चित्रित केले गेले आहे की नव्याने सांगण्यासारखे थोडे उरते; डॉ. प्रकाश आमटे यांच्यावर २०१४ साली समृद्धी पोरे यांनी कथाचित्रही केले. पण या चित्रणांतून आदिवासी हा बहुधा रुग्ण म्हणून दिसतो, कर्ता म्हणून नव्हे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. ज्यांच्या हातांनी ती बालके वाचली त्या आरोग्यदूत स्त्रियांच्या पाठीमागून चालणारा कॅमेरा डॉक्टरांनाही अधिक आवडेल, अशी माझी खात्री आहे.

आणि मग मेंढा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रसंगाशी कायमची जोडलेली आहेत. तो समारंभ अनेक कॅमेऱ्यांनी टिपला. परंतु मेंढ्याचे वैशिष्ट्य समारंभात नाही. सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आणि तिच्याबरोबर चालणारा अभ्यासगट, जिथे एकाही माणसाचा विरोध असल्यास विषय पुढच्या बैठकीवर जातो, या संथ, पुनरुक्त आणि बाहेरच्याला कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रक्रियेत ते आहे. दूरचित्रवाणीच्या बातमीदाराला तिथे बसणे परवडत नाही. छोट्या संस्थेला परवडते. एका निर्णयाचा तीन वर्षांचा प्रवास, बैठकीमागून बैठक, असा चित्रपट लोकशाहीच्या अभ्यासकांनी देशोदेशी पाहिला असता. तीच गोष्ट २०१० च्या डिसेंबरात दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळाकडे पायी निघालेल्या हजारो स्त्रियांची. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठविली गेली. ती असावी की नसावी यावर मतभेद आहेत, पण त्या स्त्रिया आज काय म्हणतात, त्यांच्या घरात पुढे काय झाले, हे विचारण्यासाठी चालणाऱ्या स्त्रियांचे तेव्हाचे जे तुकडे कोणाच्या घरी, कोणाच्या भ्रमणध्वनीत वा जुन्या फितीत पडले असतील ते आताच गोळा केले पाहिजेत.

यापुढचा प्रश्न प्रेक्षकाचा. ‘अ रायफल अँड अ बॅग’ची निर्मिती भारत, रुमानिया, इटली आणि कतार अशा चार देशांच्या साहाय्याने झाली. छोट्या संस्थेला हेच करावे लागते. अनुदान परदेशी, प्रथम प्रदर्शन परदेशी, परीक्षण परदेशी भाषेत. ज्यांचे चित्र आहे त्यांच्यापर्यंत ते पोचण्याची व्यवस्था कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते. याविषयी केवळ खेद करून भागणार नाही, कारण आमच्याकडे प्रेक्षक नाही हे म्हणणे साफ खोटे आहे. वडसा-देसाईगंज हे केंद्र धरून दिवाळीपासून होळीपर्यंत चालणारी झाडीपट्टी रंगभूमी गावोगावच्या मंडपात, थंडीच्या रात्री, पहाटेपर्यंत हजारो लोकांना जागवते. दंडार व खडी गंमत यांच्यापासून वाढलेल्या या परंपरेतील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने २०२२ मध्ये ती सृष्टी पडद्यावरही आणली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या केव्ह पिक्चर्स या संस्थेने अनेक वर्षे महाराष्ट्रातील फिरत्या तंबू-चित्रपटगृहांचा पाठपुरावा करून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ केला, जो २०१६ साली कान महोत्सवात गौरविला गेला. जत्रेत पडदा लावणे ही महाराष्ट्राची जुनी, जिवंत रीत आहे, हे त्याने जगाला दाखविले.

चिमूरच्या श्रीहरी बालाजीच्या माघातील घोडायात्रेत तालुक्याबाहेरूनही लोक लोटतात. त्या यात्रेत, दुकानांच्या रांगेच्या टोकाला, एका मंडपात चार रात्री हे चित्रपट दाखविता येतील. नगरपरिषदेचा परवाना, वीजजोडणी, एक चांगला पडदा आणि ध्वनिक्षेपक, एवढीच सामग्री लागेल. खरी मेहनत भाषेची आहे : इंग्रजी उपशीर्षके इथे निरुपयोगी ठरतात, म्हणून माडिया व गोंडी संवादांचे मराठीत, आणि शक्य तर झाडीबोलीत, तोंडी निवेदन करणारा माणूस पडद्याशेजारी बसवावा लागेल, झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांत असे खणखणीत आवाजाचे नट पुष्कळ आहेत. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने, जे २०११ पासून याच दोन जिल्ह्यांसाठी काम करते, या चित्रपटांची आणि त्यांच्या न वापरलेल्या चित्रफितींची एक प्रत आपल्या ग्रंथालयात ठेवण्याचा करार निर्मितीसंस्थांशी करावा, आणि ज्या ग्रामसभेच्या हद्दीत चित्रीकरण झाले त्या ग्रामसभेलाही एक प्रत लेखी पावतीवर द्यावी. चित्रीकरणाची परवानगी देतानाच ही अट घालण्याचा ठराव ग्रामसभा उद्याच्याच बैठकीत करू शकते. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वा हुकुमाची गरज नाही.